पाठमोरी माणसे : युद्धाचे छायाचित्र आणि पाहणाऱ्याचे मन

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे 'इतिहास विषयावरील काही अभ्यासपूर्ण लेखन' मागितले, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा फार विचार करावा लागला नाही. आमच्या हाताखालून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल, की दुसऱ्या महायुद्धाचा पाठ आम्ही फळ्यावर सनावळी लिहून सुरू करीत नाही. एक छायाचित्र मुलांच्या हाती देतो, आणि पहिली दहा मिनिटे वर्गात कोणीही काही बोलायचे नाही, असा दंडक घालतो. अनेकांनी पुढे भेटल्यावर विचारले, की सर, ते एकच चित्र का, आणि तो मौनाचा नियम कशासाठी? त्या प्रश्नाचे उत्तर आजवर आम्ही हसून टाळीत आलो. कारण त्या पद्धतीच्या मुळाशी आमची एक चूक आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत प्रोजेक्टर नुकताच आला होता. युद्ध म्हणजे काय हे मुलांना एकदा डोळ्यांनी पाहू द्यावे, म्हणजे युद्धाचा तिटकारा त्यांच्या मनात कायमचा रुजेल, अशा भाबड्या उत्साहाने आम्ही तीसेक छायाचित्रे जमविली. नाझी छळछावण्यांतील प्रेतांचे ढीग, बॉम्बहल्ल्यांत होरपळलेली शरीरे, छिन्नविच्छिन्न सैनिक. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि एका तासिकेत ती सर्व चित्रे भिंतीवर दाखविली. बोलण्याची गरज नाही, चित्रेच बोलतील, असे आम्हांला वाटले होते.

त्या रात्री भोजनगृहात नववीतील एक मुलगा ताटावर बसला नाही. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आम्हांला बोलावून घेतले. मुलगा व्हरांड्याच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील कामाच्या ठिकाणी भाजून गेले होते, आणि त्यांच्या अखेरच्या चार दिवसांत तो त्यांच्या खाटेजवळ होता. ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती असे म्हणण्याची सोय नाही. त्याच्या प्रवेश-अर्जात ती लिहिलेली होती, आणि तो अर्ज आम्हीच तपासला होता.

दुसऱ्या दिवशी मैदानावर वेगळेच दृश्य दिसले. चार-पाच मुले चित्रांतील प्रेतांसारखी वेडीवाकडी पडून दाखवीत होती आणि बाकीची हसत होती. आठवड्याने घटक चाचणीत आम्ही एक प्रश्न मुद्दाम घातला : पाहिलेल्या चित्रांपैकी कोणत्याही एकाचे स्थळ, काळ व कारण सांगा. एकाही मुलाला ते सांगता आले नाही. भय उरले होते, थट्टा उरली होती. इतिहास मात्र कोणाजवळ नव्हता. दोष मुलांचा नव्हता. अंधाऱ्या खोलीत तीस चित्रांच्या पुढे आम्हांलाही काही सांगता आले नसते.

त्या दिवसांत आम्ही बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुन्हा उघडला. परंपरेने सांगितलेली कथा आपणा सर्वांना माहीत आहे : राजपुत्र सिद्धार्थाने एक वृद्ध, एक रोगी, एक प्रेत आणि एक संन्यासी पाहिला आणि त्या दर्शनाने हादरून त्याने गृहत्याग केला. ग्रंथाच्या प्रास्ताविकातच बाबासाहेबांनी ही कथा प्रश्नांकित केली आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी वा मृत मनुष्य पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटणारे नाही, असा त्यांचा आक्षेप. त्यांनी मांडलेला वृत्तान्त निराळा आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला; शाक्य संघापुढे युद्धाचा ठराव आला; संघाचा सभासद असलेल्या सिद्धार्थाने त्यास उभे राहून विरोध केला; मतदानात तो हरला; आणि संघाच्या शिक्षेला सामोरे जाताना त्याने परिव्रज्या पत्करली.

हे प्रकरण आम्ही पूर्वी अनेकदा वाचले होते. वंदनेच्या वेळी त्यावर बोललोही होतो. परंतु आता प्रथमच लक्षात आले, की बाबासाहेबांनी येथे एक दृश्य बाजूला सारून त्या जागी एक युक्तिवाद ठेवला आहे. हादरून जाणे आणि विरोधात मत देणे या दोन क्रियांत फार अंतर आहे, आणि आम्ही मुलांना पहिल्या क्रियेपाशीच सोडून दिले होते. याचा अर्थ पाहूच नये असा नाही. महासतिपट्ठान सुत्तात भिक्खूला स्मशानातील मृत शरीराच्या निरनिराळ्या अवस्था ध्यानात घ्यावयास सांगितल्या आहेत. मात्र तेथे पाहण्याला क्रम आहे, सावकाशी आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर आपल्या स्वतःच्या देहाशी तुलना करण्याची अट आहे. एका तासिकेत तीस चित्रे दाखविणाऱ्या गुरुजींची सोय त्या सुत्तात नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मग आम्ही उलट दिशेने शोध घेऊ लागलो : युद्धाची छायाचित्रे ज्यांनी प्रथम पाहिली, त्यांच्यावर त्यांचा काय परिणाम झाला?

युद्धाच्या छायाचित्रणाला प्रारंभ होऊन आता पावणेदोनशे वर्षे होत आली. १८५५ मध्ये रॉजर फेंटन हा इंग्रज छायाचित्रकार क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला. त्याच्या चित्रांत अधिकारी आहेत, तंबू आहेत, घोडे आहेत. तोफगोळे विखुरलेली एक ओसाड दरी आहे. प्रेत मात्र नाही. प्रेते प्रथम ठळकपणे दिसतात ती आपल्या भूमीवर. फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार १८५८ मध्ये लखनौला पोहोचला. आदल्या नोव्हेंबरात सिकंदरबागेत इंग्रजी फौजेने सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई कापून काढले होते. बिआतोच्या प्रसिद्ध चित्रात त्या मोडक्या इमारतीच्या पुढे हाडे आणि कवट्या पसरलेल्या दिसतात, आणि मागे काही हिंदी माणसे उभी आहेत. लढाई होऊन कित्येक महिने लोटले होते, आणि चित्रासाठी ती हाडे पुन्हा बाहेर काढून मांडली गेली असावीत, असे अभ्यासक मानतात. या चित्राचे गिऱ्हाईक इंग्रज होते. कानपूरच्या कत्तलीच्या बातम्यांनी सुडाने पेटलेल्या त्या समाजाला ही हाडे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. आज आपण तेच चित्र पाहतो तेव्हा आपल्या पोटात कालवते. हाडे तीच, पाहणारा बदलला.

त्यानंतर चारच वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये अगदी निराळा प्रकार घडला. अमेरिकेच्या यादवी युद्धातील अँटिएटमची लढाई १७ सप्टेंबर १८६२ रोजी झाली. एका दिवसात दोन्ही बाजू मिळून बावीस हजारांहून अधिक सैनिक मारले गेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. मॅथ्यू ब्रेडीच्या हाताखालचे अलेक्झांडर गार्डनर आणि जेम्स गिब्सन यांनी प्रेते उचलली जाण्यापूर्वीच तेथे जाऊन छायाचित्रे घेतली आणि महिनाभरात ब्रेडीच्या न्यूयॉर्कमधील चित्रशाळेत ती मांडली गेली. तेव्हा वृत्तपत्रांत छायाचित्र छापण्याचे तंत्र नव्हते. लोकांना जिना चढून जावे लागे. त्या गर्दीचे वर्णन 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदाराने केले आहे. भिंगातून पाहिले तर प्रेतांचे चेहरे ओळखू येतील इतकी ती चित्रे स्पष्ट होती, आणि एखाद्या स्त्रीला त्यांत आपला पती, पुत्र वा भाऊ दिसला तर काय होईल, या विचाराने तो बातमीदार अस्वस्थ झाला होता. लखनौच्या चित्राच्या ग्राहकाला अशी धास्ती कधी पडली नसेल. त्या हाडांत आपला कोणी असेल, अशी शंकाही त्याला शिवण्याचे कारण नव्हते.

चित्रातील माणूस आपला असू शकतो, ही धास्ती पाहणाऱ्याच्या ठायी असणे वा नसणे, यावर त्याच्या भावनेची सारी जात ठरते, असे आमचे मत बनले आहे.

धक्क्यावर सर्वांत मोठा विश्वास टाकला तो एर्न्स्ट फ्रीडरिश या जर्मन शांततावाद्याने. पहिल्या महायुद्धानंतर, १९२४ मध्ये, त्याने 'युद्धाविरुद्ध युद्ध' या अर्थाच्या नावाचा एक चित्रग्रंथ चार भाषांत प्रसिद्ध केला. सैनिकी इस्पितळांत दडवून ठेवलेले, जबडा नसलेले, नाक नसलेले जिवंत सैनिक त्याने त्यात छापले, आणि मथळ्यांत राजे, सेनापती व कारखानदार यांची वाक्ये उपरोधाने योजली. पुढे बर्लिनमध्ये त्याने युद्धविरोधी संग्रहालयही काढले. १९३३ मध्ये नाझींनी ते बंद पाडले, आणि पुस्तकाला पंधरा वर्षे होतात न होतात तोच त्याच देशाने दुसरे महायुद्ध सुरू केले. तो ग्रंथ पाहून हजारो माणसे रडली असतील. त्यांचे अश्रू खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या तीस चित्रांचे जे झाले तेच मोठ्या प्रमाणावर त्याच्या ग्रंथाचे झाले, एवढेच फार तर म्हणता येईल. आणि तेही फ्रीडरिशवर थोडा अन्याय करणारे आहे, कारण त्याने निदान तुरुंगवास भोगला, आम्ही फक्त एक तासिका वाया घालविली.

आता आम्ही वर्गात देतो त्या चित्राकडे वळू.

६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा योशितो मात्सुशिगे हे बत्तीस वर्षांचे वृत्तपत्र-छायाचित्रकार स्फोटकेंद्रापासून सुमारे २.७ किलोमीटर अंतरावरील आपल्या घरी होते. ते वाचले. पडझडीतून कॅमेरा शोधून ते शहराच्या मध्याकडे निघाले. आगीने वाट अडविली म्हणून मागे फिरले आणि अकराच्या सुमारास मियुकी नावाच्या पुलाच्या पश्चिम टोकाशी आले. तेथे पोलीस चौकीजवळ जळालेली माणसे दाटीने बसली होती, पडली होती. भाजलेल्या अंगांना तेल लावण्याखेरीज दुसरा उपचार नव्हता.

त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती. त्या दिवशी ती शहरात का होती, हे सांगितल्याशिवाय चित्र कळत नाही. हवाई हल्ल्यांतील आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याचे काम चालू होते, आणि त्या कामावर सरकारने माध्यमिक शाळांतील मुलामुलींना जुंपले होते. बारा-तेरा वर्षांची, म्हणजे आपल्याकडील सातवी-आठवीतली मुले. सकाळी उघड्यावर कामाला उभी असताना बॉम्ब पडला. अशी सुमारे सहा हजार मुले हिरोशिमात मेली. बॉम्ब टाकला अमेरिकेने; पण त्या मुलांना वर्गातून उठवून रस्त्यावर आणले ते त्यांच्याच देशाच्या सत्तेने. दोन्ही गोष्टी वर्गात सांगाव्या लागतात. एकच सांगितली तर शिकविणे सोपे जाते.

मात्सुशिगे यांच्याजवळ चोवीस छायाचित्रे होतील इतकी फिल्म होती. पुलावर ते सुमारे वीस मिनिटे कॅमेरा हाती घेऊन उभे राहिले आणि त्यांच्याने खटका दाबवेना. अखेर त्यांनी एक छायाचित्र दुरून घेतले, मग काही पावले पुढे जाऊन दुसरे घेतले. डोळ्यांतील पाण्याने कॅमेऱ्यातून समोरचे धूसर दिसत होते, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्याच दिवशी एका ट्रामगाडीत ते डोकावले. आत प्रवासी होते तसेच मरून पडले होते. ते चित्र त्यांनी घेतले नाही. दिवसभराच्या पायपिटीनंतर जगाला मिळाली ती फक्त पाच छायाचित्रे. शहरात काही धड उरले नव्हते, म्हणून ती फिल्म त्यांनी रात्रीच्या अंधारात उघड्यावर धुतली, आणि त्यासाठी ओढ्याचे पाणी वापरले. बॉम्ब पडला त्या दिवशी हिरोशिमाच्या भूमीवरून, माणसांमध्ये उभे राहून घेतलेली म्हणून जग ओळखते ती हीच पाच.

पुलावरील दोन्ही चित्रांत जवळजवळ सर्व माणसे पाठमोरी आहेत. विस्कटलेले केस, चिंध्या झालेले गणवेश, वाकलेल्या पाठी. रक्त दिसत नाही. चित्र कृष्णधवल आहे, आणि कोठे काय जळाले आहे हे कळायला वेळ लागतो.

हे चित्र प्रथम वर्गात दिले त्या वर्षी दहा मिनिटांच्या मौनानंतर पहिला प्रश्न एका मुलीने विचारला. "सर, कोणाचाच चेहरा का दिसत नाही?" आम्ही तिला लगेच उत्तर दिले नाही. चित्र काढणारा कोठे उभा असेल, ते वर्गाने शोधावे असे सांगितले. मुलांनी वहीत पूल काढला, चौकी काढली, माणसे काढली आणि कॅमेऱ्याची जागा ठरविली. मग एक मुलगा म्हणाला, की तो त्यांच्या समोर गेलाच नाही. का गेला नसेल, यावर अर्धा तास चर्चा झाली. भ्याला असेल, लाजला असेल, त्यांनी रागावून पाहिले तर काय करावे असे त्याला वाटले असेल. त्यानंतर आम्ही मात्सुशिगे यांची हकीकत सांगितली. तीस चित्रांनी जे झाले नव्हते ते त्या दिवशी एका चित्राने झाले : पाहणारा म्हणून आपणही त्या पुलावर कोठेतरी उभे आहोत, हे मुलांना कळले. डोळे पुसणारी मुले त्या दिवशीही होती, परंतु डोळे पुसून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

मुलांच्या प्रश्नांत दरवर्षी एक प्रश्न असतो : हे चित्र लोकांनी कधी पाहिले? सप्टेंबर १९४५ पासून अमेरिकी ताबा प्रशासनाने जपानी वृत्तपत्रांवर नियंत्रण घातले होते. मात्सुशिगे यांची चित्रे १९४६ मध्ये एका स्थानिक सायंदैनिकात आली होती, पण देशाने आणि जगाने ती पाहिली १९५२ मध्ये, ताबा उठल्यानंतर. ६ ऑगस्टला 'आसाही ग्राफ' या जपानी नियतकालिकाने आणि सप्टेंबरात अमेरिकेच्या 'लाइफ'ने ती छापली. सात वर्षे बॉम्बची जगन्मान्य प्रतिमा होती ती आकाशातून घेतलेल्या प्रचंड ढगाची. त्या ढगात माणूस नाही. ढग पाहून विस्मय वाटतो, शक्तीचा धाक वाटतो. कोणते चित्र दाखवायचे आणि कोणते दडवायचे हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती प्रेक्षकाची भावनाही असते.

येथे आम्हांला नेहमी सम्राट अशोकाची आठवण होते. त्याच्या तेराव्या शिलालेखात कलिंग युद्धाची नोंद आहे : दीड लाख माणसे हद्दपार, एक लाख ठार, त्याहून कितीतरी अधिक मृत, आणि जे स्वतः वाचले त्यांनाही आप्तस्वकीयांच्या दुःखाने झालेली पीडा. युद्ध जिंकलेल्या राजाने आपल्या पश्चात्तापाची अशी जाहीर कबुली देण्याचे दुसरे उदाहरण प्राचीन इतिहासात शोधूनही सापडत नाही. परंतु हा लेख शाहबाजगढी, कालसी, गिरनार येथे आहे. प्रत्यक्ष कलिंगात, धौली व जौगड येथे, तो नाही. त्या जागी कलिंगवासीयांना आश्वस्त करणारे वेगळे लेख कोरले आहेत. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना तो आकडा वाचायला लावू नये, अशी करुणा त्यामागे होती की राज्यकारभाराची सावधगिरी? आम्ही अशोकाकडे आदराने पाहणारे लोक आहोत. म्हणून पहिले उत्तर आम्हांला आवडते. इतिहासाचा शिक्षक म्हणून दुसरे नाकारता येत नाही.

आणि हा प्रश्न आमच्या दारापर्यंत येऊन गेला आहे. २००६ मध्ये खैरलांजीचे हत्याकांड घडले, तेव्हा मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली. ते युद्ध नव्हते. परंतु चित्र पाहणाऱ्याच्या मनाचा प्रश्न तोच होता. वृत्तपत्रांनी आधी दखल न घेतलेले सत्य त्या चित्रांनी पुढे आणले, लोक रस्त्यावर उतरले, हे खरे. आम्हीही मोर्च्यात होतो. कोणीतरी तसा एक फलक आमच्या हाती दिला आणि आम्ही तो धरून चाललो. घरी आल्यावर मुलीने विचारले, "बाबा, ते चित्र असे धरलेले त्यांच्या घरच्यांना चालेल का?" आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर आज आठवत नाही, प्रश्न आठवतो. तरीही ती चित्रे दडवायला हवी होती असे आम्ही म्हणणार नाही. दडविणाऱ्यांच्या सोयीचे मौन आपल्या समाजाने पुष्कळ भोगले आहे.

व्हिएतनामच्या युद्धातील दोन चित्रे आपणांस ठाऊक असतील, म्हणून त्यांविषयी थोडक्यात. १ फेब्रुवारी १९६८ रोजी सायगावच्या रस्त्यात दक्षिण व्हिएतनामच्या पोलीस प्रमुखाने एका बंदिवानाच्या डोक्यात गोळी झाडली. तो क्षण एडी अॅडम्सने टिपला. चित्र जगभर गाजले, अॅडम्सला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण एका क्षणाच्या त्या चित्राने त्या अधिकाऱ्याचे सारे आयुष्य संपविले, अशी खंत अॅडम्स पुढे बोलून दाखवीत असे. गोळी झाडणे समर्थनीय होते असे नाही. मात्र क्षणाच्या आधी काय आणि नंतर काय, हे चित्र सांगू शकत नाही. ते इतिहासाने सांगावे लागते. दुसरे चित्र ८ जून १९७२ चे : नापाम बॉम्बने अंगावरचे कपडे जळालेली नऊ वर्षांची किम फुक ही मुलगी त्रांग बांग गावाबाहेरच्या रस्त्यावर रडत धावत येते आहे. जग त्या चित्राने हळहळले. तिला स्वतःला मात्र मोठी होताना कितीतरी वर्षे त्या चित्राची लाज वाटत होती. आपले ते उघडे शरीर सर्वांनी पाहिले, ही बोच तिने पुढे लिहून सांगितली आहे. आज ती त्या चित्राकडे निराळ्या नजरेने पाहते आणि युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी काम करते. तिच्या नजरेला हे वळण यायला किती काळ लागला, हे हळहळणाऱ्यांनी लक्षात ठेवले पाहिजे.

आपल्या मुलांच्या हाती आता प्रोजेक्टरची गरज उरलेली नाही. सुट्टीत घरी गेलेली मुले मोबाईलवर युक्रेन आणि गाझा येथील दृश्ये पाहून परततात. एका बोटाने एक प्रेत वर सरकते, खाली क्रिकेटचा षटकार येतो, त्याखाली एखाद्या लग्नातील नाच. आमच्या त्या तीस चित्रांची तासिका आता रोज चालू आहे, आणि तिला अधीक्षक नाही. पालकांना आमची एवढी विनंती आहे, की मुलाने असे काही दाखविले तर मोबाईल हिसकावून घेऊ नये. हे कोठले आहे, कधीचे आहे, कोणी काढले, एवढे त्याच्याजवळ बसून विचारावे. बहुतेक वेळा त्याला सांगता येणार नाही. मग दोघांनी मिळून शोधावे. शोधताना अनेकदा असे आढळते, की ते दृश्य दुसऱ्याच देशाचे किंवा दुसऱ्याच वर्षाचे आहे, आणि आपला संताप कोणीतरी भलत्याच कामासाठी वापरून घेतला आहे.

मियुकी पुलावरील चित्रातल्या एका माणसाविषयी सांगायचे राहिले. त्या पाठमोऱ्या माणसांपैकी काही जगली, आणि पुष्कळ वर्षांनी त्यांनी चित्रात स्वतःला ओळखले. रस्त्यावर बसलेल्यांत सुनाओ त्सुबोई हे वीस वर्षांचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. आपण आता मरणार, अशी खात्री झाल्यावर त्यांनी एका खड्याने जमिनीवर 'त्सुबोई येथे मरण पावला' अशा अर्थाचे शब्द लिहिले. त्यानंतर महिन्याहून अधिक काळ त्यांना शुद्ध नव्हती. युद्ध संपल्याचेही शुद्धीवर आल्यावर कळले. ते पुढे शाळेत गणिताचे शिक्षक झाले. बॉम्बच्या झगझगाटाला आणि आवाजाला हिरोशिमातील लोक 'पिकादोन' म्हणत. विद्यार्थ्यांनी या शिक्षकांचे नावच 'पिकादोन गुरुजी' ठेवले होते, आणि त्यांना ते चालत असे. ६ ऑगस्टच्या सुमारास ते वर्गात गणित बाजूला ठेवून त्या दिवसाची हकीकत सांगत. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर ते अणुबॉम्बपीडितांच्या 'निहोन हिदानक्यो' या संघटनेचे एक प्रमुख झाले. २०१६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा हिरोशिमाला गेले तेव्हा हातात काठी घेतलेले हे वृद्ध शिक्षक त्यांचा हात धरून हसत बोलताना जगाने पाहिले. शहाण्णव वर्षांचे होऊन ते २०२१ मध्ये वारले. त्यांच्या संघटनेला २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

हे सर्व आम्ही पाठाच्या शेवटच्या दिवशी सांगतो, आधी नाही. सांगून झाल्यावर मुलांना चित्र पुन्हा पाहू देतो. मुले यांतले गणिताचे सर कोणते, हे शोधू लागतात. चित्र तेच असते. पण आता त्यात एक शिक्षक असतो, आणि बाकीच्या पाठीही कोणाच्या तरी असतात.

व्रण घेऊन व्हरांड्यात बसलेला तो मुलगा आज चाळिशीकडे झुकला आहे आणि एका जिल्हा रुग्णालयात परिचारक आहे. हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्याची परवानगी घेतली. तो म्हणाला, "लिहा सर, फक्त नाव नको." मग थोडे थांबून त्याने विचारले, की ते पुलाचे चित्र आता कोणत्या वर्गाला दाखविता, त्याने ते पाहिलेच नव्हते. आमच्या चुकीच्या वर्षी तो होता, सुधारलेल्या वर्षी नव्हता.

ते चित्र भिंतीवर लावलेले नाही. इतिहासाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, कापडात गुंडाळून ठेवलेले असते. तासिका आम्ही मुद्दाम दुपारच्या जेवणानंतर, विश्रांती झाल्यावर घेतो, आणि त्याआधी अधीक्षकांकडे बसून त्या वर्गातील प्रत्येक मुलाची नोंद पुन्हा वाचतो. यंदा ६ ऑगस्टच्या आठवड्यात पाठ होईल. ज्या माजी विद्यार्थ्यांना मुलांसोबत बाकावर बसून तो ऐकावयाचा असेल त्यांनी अवश्य यावे. कार्यालयात आधी कळविले तर भोजनाची सोय होईल. तो परिचारक येणार आहे. पाळी बदलून मिळाली तर, असे त्याने कळविले आहे.